‘कनकदूत’ आणि वेणूबाईच्या बुट्ट्या

कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी चपला काढतात, मग पाणी पितात, मग तब्येतीची चौकशी करतात. आमचा श्रीहरीमामा चपला काढता काढताच विचारायचा, "तुमच्याकडे आमच्या आईची बुट्टी आहे का हो?" रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यानं हुबळी-धारवाडातल्या किती घरांत हा प्रश्न विचारला असेल, देव जाणे. लग्नात अक्षता टाकायला उभा राहायचा आणि डोळे मात्र रुखवताच्या टेबलाखाली. मी त्याची भाची, बँकेत नोकरी करणारी, चारचौघांत वावरणारी बाई. त्याच्याबरोबर जायची मला लाज वाटायची, आणि तरी सुट्टीच्या दिवशी मीच त्याच्या स्कूटरवर मागे बसलेली असायची. इतकी करमणूक हुबळीत दुसरीकडे कुठे मिळत नव्हती.

बुट्टी म्हणजे आमच्याकडची टोपली. बांबूची नव्हे, कागदाची. रद्दी पाण्यात भिजवायची, कुस्करून लगदा करायचा, त्यात मेथ्या वाटून घालायच्या, आणि पितळेचं तपेलं पालथं घालून त्यावर तो लगदा थापायचा. सावलीत वाळला की तपेलं काढून घ्यायचं, आतून-बाहेरून कागद चिकटवायचे आणि वर रंग द्यायचा. मेथीच्या कडूपणामुळे कीड लागत नाही, त्यामुळे अशा बुट्ट्या पन्नास वर्षंसुद्धा टिकतात. माझी आजी वेणूबाई यात पटाईत होती. नात्यागोत्यात, शेजारीपाजारी कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की रुखवतात आजीची गेरूनं रंगवलेली बुट्टी ठरलेली. धारवाडच्या निम्म्या स्वयंपाकघरांत तिच्या बुट्टीत लसूण, पापड नाहीतर चुरमुरे असायचे.

आता मामाच्या वेडाचं मूळ सांगते. त्याचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, बाळाचार्य. गेल्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज कंपनीला गदगच्या पलीकडच्या डोंगरात सोनं आहे असा साक्षात्कार झाला. होन्नहट्टी नावाच्या दहा-बारा झोपड्यांच्या वस्तीशेजारी बघता बघता गाव उभं राहिलं. पत्र्याच्या चाळी, इस्पितळ, साहेबांचं टेनिसचं मैदान, दारूचं दुकान आणि दारू सोडा म्हणून सांगणारं भजनी मंडळ, सगळं एकाच रस्त्यावर. पणजोबा तिथे कंपनीच्या कचेरीत कारकून. कंपनीचा नोटिशी छापायचा एक लहानसा छापखाना होता. साहेबाची परवानगी काढून पणजोबा त्यावर रविवारी आपलं साप्ताहिक छापायचे. नाव ‘कनकदूत’. निम्मं मराठी, निम्मं कन्नड. जेमतेम तीन वर्षं चाललं आणि एके दिवशी बंद पडलं. पुढे सोनंही पुरेना, कंपनी गेली, पत्रे लोकांनी काढून नेले, आणि आज तिथे एक धुराड्याचं जोतं आणि शेळ्या एवढंच आहे.

पेपर का बंद पडला, याची आमच्या घरात जितकी तोंडं तितकी उत्तरं होती. माझी आई म्हणायची, खाणीत मेलेल्या मजुरांची नावं छापली म्हणून साहेब चिडला. मामाचे वडील म्हणायचे, शाई परवडेना. बेळगावच्या चुलत घराण्यात मात्र वेगळीच गोष्ट चालायची. साहेबानं बढती दिली आणि आचार्यांनी लेखणी खाली ठेवली, असं ते हसत हसत सांगायचे. प्रत्येक मुंजीत, प्रत्येक बारशात कुणीतरी ते वाक्य टाकायचंच, आणि मामाचा घास तोंडातच राहायचा. त्याला आजोबा नीट आठवतही नव्हते, पण आपल्या माणसाला कुणी विकाऊ म्हटलेलं त्याला सहन व्हायचं नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती: पेपर का बंद पडला, हे आजोबांच्याच शब्दांत वाचायचं.

आणि वाचायला काही शिल्लक नव्हतं. कारण ‘कनकदूत’ची सगळी फाईल आजीनं भिजवली होती.

युद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, रद्दी मिळेना. त्या हंगामात नात्यात लग्नं मात्र ढिगानं. माळ्यावर सासऱ्यांची ट्रंक होती, सासरे वारलेले, ट्रंकेत जुने कागद. आजीनं सरळ ट्रंक उघडली. आजोबा, म्हणजे मामाचे वडील, फिरतीवरून परत आले तेव्हा ट्रंकेत आजीनं उन्हाळी सांडगे ठेवले होते. त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत म्हणतात, आणि आजी पुढची सगळी वर्षं ‘पेपर बुडवणारी वेणू’ म्हणून ऐकून घेत राहिली. ती कधी उलटून बोलली नाही. नवीन लग्न ठरलं की बुट्टी करायला बसायची. मला हा प्रसंग आठवला की अजूनही राग येतो. त्या ट्रंकेला कुणी हात लावत नव्हतं, तेव्हा त्यातल्या कागदांची कुणाला एवढी आठवण नव्हती.

शहाण्णव सालच्या पावसाळ्यात नवनगरच्या घरी मामाची बायको, कुसुमावतीमामी, लसणाची बुट्टी उन्हात ठेवत होती. ओल लागून बाहेरचा रंग सोलून निघाला होता. मामा तिथेच पेपर वाचत बसला होता. त्याची नजर बुट्टीवर गेली, आणि रंगाच्या पापुद्र्याखाली त्याला छापील अक्षरं दिसली: ‘होन्नहट्टी, ता.’ पुढचं गेरूखाली होतं. मामानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग तो देवळात गेल्यासारखा त्या बुट्टीपुढे मांडी घालून बसला.

फाईलचा लगदा झालाच नव्हता. खाणीचे नकाशे काढायचा जाड विलायती कागद पणजोबांनी पेपरासाठी वापरला होता. तो पाण्यात विरघळेना, तेव्हा आजीनं लगदा साध्या रद्दीचा केला आणि हे जाड ताव वरून अख्खेच्या अख्खे चिकटवून टाकले. बुट्टी मजबूत व्हावी म्हणून. दुसरा काही विचार तिच्या डोक्यात नव्हता, आणि नसला म्हणून बिघडलं काय?

आता इथे शहाण्या माणसानं काय केलं असतं? कुणाला तरी विचारलं असतं. मामी तोवर सोमेश्वराच्या देवळात गेली होती. मामानं लसूण परातीत ओतला, मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं आणि बुट्टी त्यात सोडली. उकळत्या पाण्यात मेथीची खळ, गेरू, लगदा, कागद सगळं एक झालं. मामी परत आली तेव्हा घरभर कडू वास सुटला होता आणि मामा झाऱ्यानं पातेल्यातून आपले आजोबा वेचत होता. हाताला एक तुकडा लागला. त्यावर टेनिसच्या मैदानात रानडुक्कर शिरल्याची बातमी होती.

मामी ओरडली नाही. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "ही स्वतःची वापरातली बुट्टी सासूबाईंनी मला पहिल्या मंगळागौरीला दिली होती. आता मला अशीच बुट्टी करून द्यायची. तुम्ही. स्वतःच्या हातानं. तोवर लसूण तुमच्या टेबलावर राहील."

आणि तो राहिला. मामाच्या लिहायच्या टेबलावर, त्याच्या रेल्वेच्या पेन्शनच्या कागदांवर, लसणाचा ढीग. ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता, तो चवथ्या दिवशी एसटीनं अळणावरला माझ्या आईकडे गेला आणि म्हणाला, "अक्का, मला बुट्टी शिकव."

माझी आई अनसूया ही मामाची थोरली बहीण. अळणावरला तिचं सासर, आणि आजीचा हात फक्त तिला आला होता. ती आधी पोटभर हसली. मग तिनं त्याला शिकवलं, आणि शिकवताना जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं. "अरे, कणीक नाही ती, लगदा आहे. हळू थाप. साकु माडो, पुरे कर, किती पाणी घालशील?" मामाची पहिली बुट्टी एका बाजूला इतकी कलली की तिच्यात लसूण भरला की ती आपोआप रिकामी व्हायची. मामीनं ती मान्य केली नाही. दुसरीही नाही. तिसरी मान्य झाली, आणि टेबल मोकळं झालं.

तेव्हापासून हुबळी-धारवाडात एक नियमच पडून गेला: बुट्टीला बुट्टी. आजीची बुट्टी कागद सोडवायला द्यायची तर मामानं आधी नवी करून द्यायची. बायका त्या बाबतीत सावकारापेक्षा कडक. उणकलच्या शालिनीबाईंनी तर त्याची बुट्टी पालथी घालून तिच्यावर आपली नात बसवून पाहिली, मग जुनी आतून आणली. कुणी झाकणाची मागायची, कुणी मापाची, कुणी म्हणायची आम्हाला गेरू नको, निळा रंग द्या. मामा ‘हौदु, हौदु’ करत सगळं ऐकून घ्यायचा. पूर्वी वाकडं बोललं की फणकारणारा हा माणूस चुरमुऱ्याची बशी हातात घेऊन बायकांशी खळ कशी घट्ट करावी यावर तासतासभर बोलायचा. नवनगरच्या त्याच्या गच्चीवर कायम पालथी तपेली मांडलेली असायची. शेजारी त्याला ‘बुट्टी साहेब’ म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. रेल्वेत त्याला नुसतं साहेब म्हणायचे, तेव्हा तो एवढा खुश कधी दिसला नव्हता.

कागद सोडवायची पद्धतही त्याला हळूहळू साधली. गार पाणी, आणि घाई नाही. ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं, खळ फुगली की तावाचा कोपरा आपणहून उचलतो, आणि ताव निघाले की आतल्या बुट्टीचा चोथा होतो. मी शेजारी बसून सुटलेले ताव टीपकागदावर पसरायची. एकेका बुट्टीतून कधी अर्धं पान निघायचं, कधी दोन. आणि रविवारच्या त्या दुपारी होन्नहट्टी हळूहळू आमच्यासमोर उभी राहायची.

पणजोबा काय मजेचे होते, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी पंपाच्या खोलीत झोपलेल्या बिबट्याची बातमी दिली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘बिबट्यानें पंपवाल्याच्या जागीं निजावें व पंपवाल्यानें घरीं निजावें, अशी व्यवस्था काहीं काळ चालली असें समजतें.’ ज्वारीचे भाव होते. भजनी मंडळाचा पेटीवाला दारूच्या दुकानात सापडल्याची बातमी होती, नाव न घालता, पण गावात पेटीवाला एकच. डॉक्टरसाहेबांच्या मडमेनं होळीत रंग खेळल्याचं कौतुक होतं. आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी काळी चौकट असायची. त्या आठवड्यात खाणीत कुणी दगावलं असेल तर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि मागे कोण आहे ते. कंपनीच्या नोटिशीत नुसता ‘एक कुली’ असायचा. पणजोबांच्या पानावर तो मल्लप्पा बसप्पा, राहणार अमुक, मागे बायको व दोन मुली असा पुरा माणूस असायचा. मामा ती चौकट मोठ्यानं वाचायचा. मामी उठून चहा टाकायची.

मात्र तीन वर्षांतल्या इतक्या अंकांची पानं हाती लागली, तरी शेवटच्या अंकाचा पत्ता नव्हता. बुट्ट्या संपत आल्या. बेळगावचे चुलत लोक मुंजीत भेटले की विचारायचे, "काय श्रीहरी, बढतीचा हुकूम सापडला का?" मामा आता घास गिळायचा आणि पुढचा कालवायला घ्यायचा.

दोन हजार तीनच्या दिवाळीत मी अळणावरला आईकडे होते. आईजवळ आजीची एक बुट्टी होती, सगळ्यांत मोठी. आजीनं लेकीसाठी केलेली. तिच्यात आई चकल्या ठेवायची. या बुट्टीला हात लावायचा नाही, असं आईनं मामाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि त्यानंही तो विषय काढला नव्हता. आईनं त्या दिवशी बुट्टी रिकामी केली, पुसली आणि अंगणात पालथी घातली. बुडाला आजीनं रंग दिलाच नव्हता, आणि एरवी फळीवर असलेलं ते बूड मी कधी पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले. मोठ्या अक्षरांत ‘कनकदूत’, खाली तारीख, आणि त्याखाली: ‘वाचकांस अखेरचा नमस्कार. आजचा अंक शेवटचा. पत्र बंद करण्याचें कारण एवढेंच कीं’ आणि तिथेच दुसरा ताव आडवा चिकटवला होता.

माझ्या हातून एक मूर्खपणा झाला. मी आईला काही न सांगता कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवर गेले आणि मामाला फोन लावला.

मामा संध्याकाळच्या गाडीनं आला. त्याच्या पिशवीत फडकी होती, टीपकागद होता, आणि एक नवी कोरी बुट्टी होती, आईच्या बुट्टीएवढीच. बहुतेक ती त्यानं कधीची करून ठेवली होती. आईनं ती हातात घेऊन फिरवून पाहिली. एकही खोड काढता येईना.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण ही देणार नाही मी."

"अक्का, एकच ताव. बुडाचा."

"बूड काढलंस तर राहिलं काय? आपल्या आजोबांचा पेपर तू गोळा केलास, ट्रंक भरलीस. त्यासाठी आईच्या सगळ्या बुट्ट्या मोडल्यास. मी बोलले नाही. माझ्याच हातानं तुला शिकवलं. आता आईचं म्हणून जगात एवढं एकच राहिलंय की नाही, सांग."

मामानं फडकी परत पिशवीत ठेवली. मी त्या दोघांकडे बघत होते आणि मला माझ्या फोनचा पश्चात्ताप होत होता. जेवणं झाली, पण चकल्यांकडे कुणी बघितलं नाही.

सकाळी मी उठले तेव्हा आई अंगणात घंगाळात पाणी भरत होती. गार पाणी. बाजूला बुट्टी ठेवली होती. मामा तोंड धुऊन आला तशी ती म्हणाली, "घे. बेळगावच्या त्या लोकांचं तोंड एकदा बंद होऊ दे. तुला तिथे पानावर बसून घास गिळताना मी किती वर्षं बघितलंय. आई असती तर तिनंही दिली असती."

मामानं बुट्टी उचलली. तिच्यावर हात फिरवला. आजीची बोटं ज्या ज्या ठिकाणी दाबली होती, तिथे बारीक खळगे होते. मला ते कधी दिसले नव्हते, पण आता इतक्या बुट्ट्या थापल्यावर त्याच्या बोटांना ते कळत होते. त्यानं आपलं बोट एका खळग्यात ठेवलं आणि तसाच उभा राहिला.

"नको अक्का," तो म्हणाला.

"अरे, मी मनापासून देतेय."

"माहीत आहे. पण नको मला. मल्लप्पा बसप्पाच्या मुली किती, हे ज्यानं छापलं, त्या माणसाला मी आता ओळखतो. त्यानं पेपर का बंद केला, ते मला दुसऱ्या कुणाला सिद्ध करून दाखवायचं नाही. आणि त्याचा पेपर आहे माझ्याकडे. आई आता या बुट्टीशिवाय कुठे आहे?"

आई रडली. मीही रडले, आणि उगाच मेथीचा वास डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं, तेव्हा तिथे मेथी कुठेच नव्हती. घंगाळातलं पाणी मामानं तुळशीला घातलं आणि चकल्यांचा डबा मागितला.

त्याच हिवाळ्यात धारवाडच्या एका इतिहास मंडळानं जुन्या वर्तमानपत्रांचं प्रदर्शन भरवलं. मामानं सोडवलेली सगळी पानं काचेखाली लावली होती, आणि मधोमध, सगळ्यांत मोठ्या काचेच्या पेटीत, आईची बुट्टी पालथी घातली होती. बुडावर ‘कनकदूत’चं नाव, अखेरचा नमस्कार, आणि ‘कारण एवढेंच कीं’. मंडळाचे चिटणीस चांगले गृहस्थ होते, पण त्यांना राहवेना. "पुढचा मजकूर आत आहे, श्रीहरीराव. बंगळुरूहून तज्ज्ञ बोलावू. एवढी महत्त्वाची माहिती."

"आत आहे ना?" मामा म्हणाला. "मग तिथेच असू दे. जायचं कुठे आहे तिला?"

पेटीवर चिटणिसांनी चिठ्ठी लावली होती: ‘संपादक, बाळाचार्य.’ मामानं खिशातून पेन काढलं आणि त्याखाली आपल्या कारकुनी अक्षरात लिहिलं: ‘जतन, वेणूबाई.’ बेळगावचे चुलत लोकही आले होते. ते पेटीपुढे बराच वेळ उभे राहिले, वाकून वाकून त्या आडव्या तावाखाली काही दिसतं का ते बघत. त्यांना काही दिसलं नाही. मामा त्यांच्या मागे उभा होता आणि चुरमुरे खात होता, अगदी निवांत.

आईचं लक्ष मात्र काचेकडे नव्हतं. ती चिटणिसांना अडवून विचारत होती की प्रदर्शन नक्की किती दिवस चालणार, कारण संक्रांत जवळ आली होती आणि तिळाच्या वड्या ठेवायला तिला तिची बुट्टी परत हवी होती.